लढाई न करता राज्य वाढवायचे असेल तर

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा संगणकावरचा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी सुरू होतो आणि १८२१ मध्ये संपतो. या पावणेचारशे वर्षांत आपल्याला कोणतेही एक राज्य चालवायला मिळते. बेळगाव भागातल्या माणसाने नकाशा पहिल्यांदा उघडला की त्याची नजर आपसूक मलप्रभा-घटप्रभेच्या खोऱ्याकडे वळते आणि तिथे दोन मोठ्या सत्ता एकमेकींना भिडलेल्या दिसतात, उत्तरेला बहमनी सुलतान आणि दक्षिणेला विजयनगर. प्रत्यक्ष इतिहासातही त्या काळी बेळगावचा किल्ला विजयनगरच्या ताब्यात होता आणि बहमनींचा वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये वेढा घालून तो घेतला.

खानापूरहून शिक्षणासाठी आमच्या टिळकवाडीच्या घरी राहायला आलेल्या माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात हा खेळ सुरू केला, तेव्हा विजयनगर निवडून पहिल्याच संध्याकाळी तो मला म्हणाला, “मामा, बहमनीवर आत्ताच चाल करून जाऊया की, नंतर ते जड होतील.” मी म्हणालो, “थांब रे, आधी वकील पाठव.” त्याला वाटले मी थट्टा करतो आहे. पुढचे तीन आठवडे आम्ही तो एकच डाव एकही चढाई न करता खेळलो. त्यातून आणि त्याआधीच्या माझ्या अनेक डावांतून जे हाती लागले, ते असा डाव मांडू इच्छिणाऱ्यांसाठी इथे सविस्तर लिहितो.

या खेळात शांतता राखायला लढाईपेक्षा जास्त काम पडते. चढाई करणाऱ्याला एका वेळी एकाच शेजाऱ्याचा विचार पुरतो, परंतु शांततेने वाढणाऱ्याला चहूकडच्या दहा-बारा दरबारांत आपल्याविषयी काय बोलले जाते, कोण कोणावर रुसले आहे आणि कोणाला कोणाची भीती वाटते, याचा हिशेब महिन्यामहिन्याला ठेवावा लागतो. आपल्या भागात ज्याच्या घरी मराठी, शाळेत कानडी आणि बाजारात दोन्ही भाषा बोलल्या जातात, त्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे. शेजारी बदलता येत नसतो, म्हणून त्याच्याशी कसे वागायचे हे लहानपणापासूनच ठरवावे लागते.

राज्य कोणते निवडावे, हा पहिला प्रश्न. पहिल्या डावासाठी विजयनगर चांगले, कारण ते पुरेसे मोठे असल्यामुळे एखादी चूक सोसू शकते. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी मलबारातले वेणाड, कोची किंवा कालिकत यांपैकी एखादे छोटे राज्य घ्यावे. लहान राज्य टिकेल कसे, असे अनेक जण विचारतात. त्यांना मी आपल्याच परिसराकडे बोट दाखवतो. मुधोळच्या घोरपड्यांनी बहमनी, आदिलशाही, पेशवाई आणि इंग्रज अशा एकामागून एक आलेल्या सत्तांच्या काळात आपली जहागीर सांभाळली. जमखंडीचे पटवर्धन आणि रामदुर्गचे भावे हेही करारमदारांच्या आधाराने १९४८ पर्यंत संस्थानिक राहिले आणि त्या वर्षी त्यांची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. तोफा मोजून पाहिल्या असत्या तर यांतले एकही संस्थान इतकी वर्षे टिकायला नको होते.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळतो. खेळ उघडला की तो थांबलेल्या अवस्थेत असतो आणि घड्याळ आपण सुरू केल्याशिवाय पुढे सरकत नाही. हा पहिला थांबलेला तास कधीही घाईने संपवू नये. आपल्या राज्याच्या पटावर जाऊन आधी प्रतिस्पर्धी नेमायची जागा पाहावी. तीन राज्यांना प्रतिस्पर्धी म्हणून नेमता येते आणि एकदा नेमलेले नाव वाटेल तेव्हा बदलता येत नाही. इथे नवखा माणूस सर्वांत बलाढ्य शेजाऱ्याचे नाव टाकून मोकळा होतो. शांततेच्या डावात मात्र आधी उलट बाजूने पाहावे, म्हणजे त्या शेजाऱ्याने स्वतः कोणाला प्रतिस्पर्धी नेमले आहे ते वाचावे. बहमनीच्या यादीत माळवा किंवा गुजरात असेल, तर ते राज्य उद्या आपल्या मदतीला येण्याची शक्यता आहे, आणि अशा संभाव्य मित्राचे नाव चुकूनही आपल्या प्रतिस्पर्ध्यांच्या यादीत जाऊ देऊ नये.

यानंतर वकिलांचे काम सुरू होते. खेळात त्यांना डिप्लोमॅट म्हणतात, परंतु पेशवाईत दरबारी बोलणी करणाऱ्याला वकील म्हणत आणि तोच शब्द मला इथे जवळचा वाटतो. सुरुवातीला दोनच वकील हाताशी असतात. एकाला ज्याच्याशी मैत्री हवी त्याच्या दरबारी ‘इम्प्रूव्ह रिलेशन्स’ या कामावर पाठवावे आणि दुसऱ्याला शक्यतो मोकळा ठेवावा, कारण दोघेही बाहेर असले तर करार करायला, लग्न जुळवायला किंवा तह करायला माणूसच उरत नाही आणि एखादा वकील माघारी येईपर्यंत हात बांधून बसावे लागते. दरबारात बसलेला वकील महिन्यागणिक आपल्याविषयीचे मत वाढवतो. त्याला परत बोलावले की कमावलेले मत एकदम जात नाही, पण वर्षागणिक थोडे थोडे ओसरत राहते. त्यामुळे ज्या राज्याचे मत पुरेसे वाढले आहे तिथला वकील हलवून दुसरीकडे न्यावा आणि दोन-चार वर्षांनी पहिल्या दरबारात पुन्हा फेरी मारावी. बेळगावच्या बाजारात उधारीवर माल देणारा व्यापारी गिऱ्हाइकाकडे अशाच नेमाने फेरी मारत असतो, आणि ती केवळ वसुलीसाठी नसते.

मैत्रीचा प्रस्ताव पाठवण्याआधी ‘ऑफर अलायन्स’ या बटणावर नुसता माऊस नेऊन ठेवावा. समोर एक छोटी चौकट उघडते. तिच्यात त्या राज्याची होकाराची आणि नकाराची कारणे अधिक-उणे आकड्यांसह मांडलेली असतात: आपल्याविषयीचे मत, अंतर, दोघांच्या सैन्याची तुलना, समान शत्रू, आपल्या प्रांतांवर त्याचा डोळा आहे की नाही, असे सगळे. या डावातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच चौकट आहे. भाच्याने पहिल्यांदा माळव्याच्या नावावर माऊस नेला तेव्हा उणे बाजू जड होती. मी त्याला एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली आणि प्रत्येक ओळीपुढे ‘ही गोष्ट आपल्या हातात आहे का’ असे विचारले. अंतर आपल्या हातात नव्हते, धर्मही नव्हता. मत मात्र आपल्या हातात होते आणि सैन्याची ताकदही. त्याने वकील माळव्याला पाठवला, रिकाम्या असलेल्या दोन पलटणी भरून घेतल्या, आणि त्यानंतर कधीतरी तीच चौकट उघडली तेव्हा नकाराच्या जागी होकार आला होता. प्रस्ताव नाकारला गेला म्हणून रागाने खेळ बंद करणाऱ्यांनी ही चौकट एकदा तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

धर्माचा उल्लेख आला म्हणून थोडे सांगतो. राजघराण्यांची सोयरीक या खेळात एकाच धर्मसमूहातल्या राजेशाह्यांमध्ये होते, त्यामुळे विजयनगरच्या राजाला सुलतानांच्या घराण्याशी नाते जोडता येत नाही. परंतु मैत्रीच्या कराराला ही आडकाठी नाही. धर्म वेगळा असला की मत जरा कमी असते इतकेच, आणि ते वकिलाच्या खेपांनी भरून काढता येते. १४४४ मध्ये विजयनगरच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या देवरायाने आपल्या सैन्यात मुसलमान धनुर्धर आणि घोडेस्वार ठेवले होते, ही इतिहासातली नोंद मुलांना मी आवर्जून सांगतो, म्हणजे नकाशावरचा हिरवा-भगवा रंग पाहून शत्रू-मित्र ठरवण्याची सवय लागत नाही.

मैत्री वाढवताना एक मर्यादा लक्षात ठेवावी. सुरुवातीला चारच संबंधांची सोय असते आणि त्याहून अधिक करार केले की प्रत्येक जादा संबंधामागे दरमहा एक राजनैतिक गुण (राज्याला दरमहा मिळणाऱ्या, खर्च करायच्या गुणांपैकी एक) कापला जातो. म्हणून फार दूरच्या, आपल्या मदतीला कधीच पोहोचू न शकणाऱ्या राज्याशी केवळ यादी भरावी म्हणून करार करू नये. दोन भक्कम मित्र आणि दोन मांडलिक, ही मांडणी मला सुरुवातीच्या शंभर वर्षांसाठी पुरेशी वाटत आली आहे.

सैन्याविषयी बोलणे शांततेच्या लेखात विसंगत वाटेल, तरी ते टाळता येत नाही. संगणकाने चालवलेले शेजारी आपली आणि आपल्या मित्रांची एकत्रित ताकद मोजूनच चढाईचा विचार करतात, त्यामुळे रिकामी छावणी म्हणजे त्यांना दिलेले आमंत्रणच ठरते. सैन्य आपल्या मर्यादेइतके भरलेले ठेवावे, शांततेच्या वर्षांत त्याच्या देखभालीचा खर्च कमी करावा आणि सीमेवरचे किल्ले मात्र कधीही बंद करू नयेत. देखभाल कमी असताना सैन्याचे मनोधैर्य खाली असते आणि ते पुन्हा चढायला काही महिने लागतात, म्हणून शेजारच्या फौजा सीमेजवळ जमताना दिसल्या की खर्च लगेच पूर्ववत करावा.

लढायचे नाही, तर वाढायचे कसे? दोन वाटा आहेत. पहिली वाट घरातली. राज्याला दरमहा प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी असे तीन प्रकारचे गुण मिळतात. काही राजाच्या योग्यतेनुसार मिळतात, काही नेमलेल्या सल्लागारांमुळे. जे गुण चढाई करणारा माणूस जिंकलेले प्रांत पचवण्यात घालवतो, तेच गुण आपण आपल्या प्रांतांच्या विकासावर खर्च करू शकतो. सुपीक सपाट जमिनीचे प्रांत स्वस्तात विकसित होतात, डोंगर-जंगलाचे महाग पडतात, आणि एकाच प्रांतावर खर्च करत गेले की पुढची प्रत्येक पायरी अधिक महाग होते. साधारणपणे विकास सगळीकडे थोडा थोडा पसरावा, याला एकच महत्त्वाचा अपवाद आहे.

तो अपवाद म्हणजे इन्स्टिट्यूशन, म्हणजे एका ठिकाणी जन्मून हळूहळू जगभर पसरणारा नवा विचार किंवा शोध. १४५० च्या सुमारास इटलीत प्रबोधनाची इन्स्टिट्यूशन जन्म घेते, पुढे १५५० च्या सुमारास छापखान्याची येते, आणि या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचायला फार वर्षे लागतात. जोवर आपण ती स्वीकारत नाही तोवर तंत्रज्ञानाचा खर्च वाढत राहतो. परंतु एखाद्या प्रांताचा विकास एकदम वाढवला तर ती इन्स्टिट्यूशन त्याच प्रांतात रुजू लागते. म्हणून एक चांगला सुपीक प्रांत निवडून, तिन्ही प्रकारचे गुण साठवून ठेवून, वेळ आली की ते एकाच बैठकीत त्या प्रांतावर ओतावेत. राज्याच्या एकूण विकासाचा दहावा भाग त्या इन्स्टिट्यूशनखाली आला की पैसे भरून ती स्वीकारता येते. आजूबाजूचे सुलतान एकमेकांशी लढून थकत असताना आपल्याकडे छापखाना आलेला पाहणे यासारखे समाधान मला चढाईच्या कोणत्याही डावात मिळालेले नाही.

दुसरी वाट मांडलिकांची, आणि तिला वेळ द्यावा लागतो. आपल्या सीमेला लागून असलेल्या, आपल्याहून पुष्कळ लहान, शक्यतो आपल्याच धर्माच्या राज्याशी आधी मैत्रीचा करार करावा. मग वकील त्याच्या दरबारी बसवून, सोयरीक जुळवून, गरज पडल्यास नजराणा देऊन त्याचे आपल्याविषयीचे मत १९० पर्यंत न्यावे. त्यानंतर ‘ऑफर व्हॅसलायझेशन’ या बटणाची चौकट उघडून पाहावी. तिथेही तेच अधिक-उणे असते, आणि ते राज्य जितके मोठे आणि श्रीमंत तितकी उणे बाजू जड असते. त्याने होकार दिला की एकही गोळी न झाडता ते आपले मांडलिक होते आणि शेजारच्या दरबारांत आपल्याविषयी आक्रमकतेची भीतीही वाढत नाही. युद्धात मांडलिक केले असते तर ती वाढली असती आणि चार राज्ये मिळून आपल्यावर उठली असती.

मांडलिक झाल्यावर दहा वर्षे थांबावे लागते. दहा वर्षांनंतरही त्याचे मत १९० वर असेल, तर त्याला आपल्या राज्यात विलीन करून घेता येते, आणि त्यासाठी त्याच्या विकासाच्या प्रत्येक अंशामागे मूळ दराने आठ राजनैतिक गुण द्यावे लागतात. वीस विकासाच्या छोट्या राज्याला १६० गुण, म्हणजे दरमहा सात गुण मिळत असतील तर जवळपास दोन वर्षांची कमाई. विलीनीकरण पूर्ण होईपर्यंत एक वकीलही त्याच कामात अडकतो. इन्फ्लुएन्स या कल्पनासंचाने (गुण खर्चून एकेक करून घ्यायच्या सवलतींच्या गटाने) हा खर्च कमी होतो आणि डिप्लोमॅटिक संचातली पहिलीच कल्पना एक जादा वकील देते, म्हणून हे दोन संच मी सगळ्यांच्या आधी घेतो. त्यांच्या पाठोपाठ ह्युमनिस्ट घ्यावा, कारण विलीन होऊन आलेल्या प्रजेचा धर्म आणि भाषा वेगळी असते आणि ती सांभाळून घ्यायची असते.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. माझ्या एका जुन्या डावात तीन मांडलिक होते आणि तिघेही खूश होते. दहा वर्षे होताच मी पहिल्याला विलीन केले आणि त्याच महिन्यात दुसऱ्याचेही विलीनीकरण सुरू करायला गेलो. एकाला गिळलेले पाहून उरलेल्या दोघांचे मत खाली आले होते, आणि हे माझ्या ध्यानातच आले नाही. स्वातंत्र्याची ओढ दाखवणारा त्यांचा आकडा पन्नासच्या वर गेला. आकडा पन्नासच्या वर असलेला मांडलिक विलीन होत नाही आणि मदतीलाही येत नाही. थोड्याच वर्षांत एका शेजाऱ्याने त्यांच्या स्वातंत्र्याला उघड पाठिंबा दिला आणि पुढे जे युद्ध झाले त्यात मी दोन्ही राज्ये गमावली. तेव्हापासून एक विलीनीकरण संपल्यावर वकिलाला आधी उरलेल्या मांडलिकांच्या दरबारी पाठवून त्यांचे मन पूर्ववत होईपर्यंत थांबण्याचा नियम मी पाळतो. सगळे मांडलिक मिळून आपल्यापेक्षा बलवान होणार नाहीत, याचाही हिशेब त्यासोबत ठेवतो.

मित्राने युद्धात हाक दिली तर काय करावे, हा प्रश्न शांततेने खेळणाऱ्यांना फार सतावतो. मित्रावर कोणी चालून आले असेल तर जावेच लागते. नाकारले की मैत्री तुटते, प्रतिष्ठा जाते आणि आपला शब्द फिरवलेला इतर दरबारही पाहतात. मित्र स्वतः चढाई करत असेल तर विचार करायला जागा असते, पण अशा हाका वारंवार नाकारत राहिलो तर त्याचाही विश्वास ओसरतो. म्हणून मुळात मित्र निवडतानाच सतत खुमखुमी असलेला टाळावा आणि ज्याला स्वतःच्या सीमा राखण्यातच रस आहे असा शोधावा. त्याची ओळख पटवण्यासाठी, तो कोणाकोणाच्या प्रांतांवर दावा सांगतो आहे, ते पाहावे.

१५०० नंतर किनाऱ्यावर युरोपीय येतात. प्रत्यक्षात पोर्तुगिजांनी १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतला आणि विजयनगरने त्यांच्याकडून घोडे विकत घेण्याचा व्यवहार ठेवला. आज चोर्ला घाट उतरून दोन-तीन तासांत पणजीला जाताना ही शेजारी सत्ता आपल्याला किती जवळ होती याची कल्पना येते. खेळात त्यांच्याशी वैर धरू नये. त्यांचे आरमार मोठे असते आणि त्यांचे जमिनीवरचे बळ इथवर पोहोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात किनाऱ्यावरचे किल्ले भक्कम करावेत, व्यापारासाठी हलकी जहाजे बांधावीत आणि पोर्तुगालचा प्रतिस्पर्धी कोण ते पाहून त्याच्याशी ओळख वाढवावी.

इतके सगळे करूनही एखादे युद्ध लादले जाते. आमच्या डावात १४८० च्या दशकात बहमनी चालून आले. भाचा घाबरला, पण माळवा उत्तरेकडून उतरला आणि रायचूरच्या दुआबात दोन लढाया आमच्या बाजूने गेल्या. तहाची वेळ आली तेव्हा तो नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “मामा, हे तीन प्रांत मागूया, आपलं पारडं जड आहे.” मी त्याला तहाच्या पटावरची खालची ओळ दाखवली. प्रांत मागितले की शेजारच्या कोणकोणत्या राज्यांत आपल्याविषयीची भीती किती वाढेल, ते तिथे नावानिशी लिहिलेले असते, आणि त्या यादीत माळव्याचेही नाव होते. पैसा आणि युद्धखर्चाची भरपाई मागितली तर ती यादी रिकामी राहते. शिवाय मागणी जितकी कमी, तितका शस्त्रसंधीचा काळही लहान असतो, पण पाच वर्षांची शांतता तरी हमखास मिळते. त्याने बराच वेळ दोन्ही पर्याय पुन्हापुन्हा लावून पाहिले. शेवटी त्याने फक्त पैसे घेतले, तह पाठवला, माळव्याच्या दरबारी वकील धाडला आणि आलेल्या सोन्यातून सीमेलगतच्या प्रांतात एक बाजारपेठ बांधायला घेतली.